आधी खोली मोजा, मग पैसे मोजा

मार्च महिना सरत आला की नायगावच्या बाजारात दोन गोष्टींची विचारणा सुरू होते. एक कूलरच्या नव्या जाळ्यांची आणि दुसरी एसीची. काही वर्षांपूर्वीपर्यंत एसी हा शब्द आपल्याकडे बँक, एटीएम आणि डॉक्टरांची केबिन एवढ्यापुरताच होता. आता कापडाचे दुकान, मोबाइलचे दुकान, मेडिकल, शिकवणीचा वर्ग आणि घरातील एखादी खोली येथपर्यंत तो येऊन पोहोचला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे ज्यांचा विचार पक्का होत नव्हता त्यांचाही आता होऊ लागला आहे.

उन्हाळ्यात आराम मिळावा असे वाटण्यात गैर काही नाही. घरात म्हातारे आईवडील असतील, तान्हे बाळ असेल, आजारी माणूस असेल तर मे महिन्याच्या दुपारी थंड खोली ही चैन राहत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन विचारते, "भाई, एक टनाचा घेऊ की दीड टनाचा?" आणि दुकानदार काउंटरमागे उभा राहूनच उत्तर देतो, "दीडच घ्या, टेन्शन नको." खोली कोणी पाहिलेली नसते. ती वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला, आत किती माणसे बसतात, यातले काहीच कोणी विचारलेले नसते. तीस-चाळीस हजारांचा व्यवहार दोन वाक्यांत उरकतो आणि त्याची भरपाई पुढची आठ-दहा वर्षे वीजबिलातून चालू राहते.

शिंप्याने माप न घेता सदरा शिवला तर आपण त्याला पैसे देणार नाही. मग माप न घेता विकलेल्या यंत्राचे पैसे आपण का देतो, हा आमचा प्रश्न आहे.

एका दुकानाची हकिकत

नायगावातील आमच्या परिचयाच्या एका कापड दुकानदाराची गोष्ट सांगतो. दुकान दहा बाय वीस फुटांचे. वर उघडा स्लॅब, समोर पश्चिमेकडे पूर्ण रुंदीचे शटर. एप्रिलमध्ये त्यांनी दीड टनाचा एसी बसवला. सकाळी गारवा जाणवे, पण दुपारी तीननंतर यंत्र नुसते घरघरत राही आणि गिऱ्हाईक पदराने वारा घेत बसे. तक्रार केली तेव्हा विकणाऱ्याने एकच उपाय सांगितला, आणखी एक घ्या. त्यांनी घेतला. दोन यंत्रे एकदम चालू लागली तेव्हा जुन्या वायरिंगने मान टाकली, वीजबिल तिप्पट झाले आणि दुपारचा घाम काही पूर्णपणे गेला नाही.

पुढच्या वर्षी एका जाणत्या मिस्त्रीने दुकान पाहिले. त्याने यंत्राला हात लावण्याआधी शटरकडे बोट दाखवले. शटर दिवसभर उघडे, म्हणजे रस्त्यावरची गरम हवा सतत आत. मग तो शिडी चढून वर गेला. स्लॅबवर हात टेकवत नव्हता. त्याच्या सांगण्यावरून समोर काचेचे दार आणि वर कापडी छत बसले, स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग दिला गेला. त्यानंतर एकच एसी पुरू लागला. दुसरा आजही बहुतेक वेळ बंद असतो. त्याची रक्कम भिंतीवर टांगलेली आहे, असे ते दुकानदार स्वतःच हसून सांगतात. ते हसतात खरे, पण ती रक्कम लहान दुकानदाराच्या एका लग्नसराईच्या कमाईतला मोठा वाटा होती.

टन म्हणजे नेमके काय?

बऱ्याच जणांना वाटते की टन म्हणजे यंत्राचे वजन. तसे नाही. यंत्रांनी थंडावा निर्माण करण्याची विद्या येण्यापूर्वी बर्फाचा व्यापार होत असे. 1833 साली अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला आले होते आणि पुढे मुंबई-मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. थंडावा बर्फाच्या वजनात मोजण्याची सवय त्या काळातली. अमेरिकेतील लहान टन म्हणजे 2,000 पौंड, सुमारे 907 किलो. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. आजच्या हिशेबात ताशी 12,000 बीटीयू किंवा 3,517 वॅट.

म्हणजेच एसी थंडी 'तयार' करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. विहिरीवरच्या मोटेसारखा हा प्रकार आहे. विहिरीत पाझर किती आहे हे कळल्याशिवाय मोट केवढी लावावी हे ठरत नाही. तसेच खोलीत उष्णता किती येते हे कळल्याशिवाय एसी किती टनाचा हे ठरवता येत नाही.

फुटांचा ठोकताळा कोठे फसतो?

बाजारात एक ठोकताळा चालतो. शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन, दीडशे ते पावणेदोनशेला दीड टन, त्यापुढे सव्वादोनशेपर्यंत दोन टन. हा ठोकताळा अगदीच चुकीचा नाही, पण तो अर्धाच हिशेब सांगतो. उष्णता फरशीतून येत नाही. ती छतातून, भिंतीतून, काचेतून, दाराच्या फटीतून आणि आत बसलेल्या माणसांच्या अंगातून येते.

एक उदाहरण घेऊ. खोली दहा बाय पंधरा, म्हणजे दीडशे चौरस फूट. सर्वात वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला भिंत आणि त्या भिंतीत चार बाय चारची खिडकी. मे महिन्यातील दुपार, बाहेर 42-43 अंश, आत तीन माणसे. ढोबळ हिशेब असा होतो: तापलेल्या स्लॅबमधून सुमारे 1,000 वॅट, भिंतींतून 900 ते 1,000, पडदा लावलेल्या खिडकीतून 500 ते 600, तीन माणसांचे 350, टीव्ही-पंखा-दिव्यांचे 200 आणि फटींतून येणाऱ्या हवेचे 200 ते 250. बेरीज 3,300 वॅटच्या आसपास जाते. कागदावर हे एका टनापेक्षा कमी आहे. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एसीची क्षमता प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा बाहेरचे तापमान 35 अंश धरलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात ते त्याच्या सात-आठ अंश वर असते आणि तेवढ्या उन्हात यंत्राची ताकद साधारण दहाव्या हिश्शाने घटते. शिवाय तापलेली खोली गार करायला थोडी जादा ताकद हाताशी लागते. म्हणून येथे दीड टन हेच बरोबर उत्तर आहे.

आता हीच खोली तळमजल्यावर आणा. वर दुसरी खोली आहे, म्हणजे स्लॅबचे 1,000 वॅट जवळपास गेले. उरले सुमारे 2,300. येथे एक टन पुरतो आणि वर ताकद शिल्लक राहते. खोली तीच, चौरस फूट तेच, पण अर्ध्या टनाचा फरक पडला तो केवळ मजल्यामुळे.

पुन्हा वरच्या मजल्याकडे वळू. स्लॅबवर चांगला पांढरा रंग दिला, किंवा फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवून घेतले, तर छतातून येणारी उष्णता बरीच कमी होते. खिडकीवर बाहेरून छज्जा, चटई किंवा वाळ्याचा पडदा सोडला तर काचेतून येणारे ऊन बाहेरच अडते. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचा आडोसा ते येऊच देत नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एवढे केले तर वरच्या मजल्यावरही एक टनाच्या यंत्राचा विचार करता येतो. रंगाचा खर्च एकदाच होतो, अर्ध्या टनाचा खर्च दरवर्षी.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. मराठवाड्यातील माळवदाची घरे आठवा. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली रुंद भिंती. बाहेर ऊन रणरणत असताना माळवदाखाली दुपारची झोप लागत असे. बिलोलीच्या दगडी मशिदीत जोहरच्या नमाजला गेलेल्या माणसाला पायरी ओलांडताच गारवा जाणवतो. त्यामागे कोणतेही यंत्र नाही, जाड दगड आणि सावली आहे. आम्ही माळवद पाडले, चार इंची स्लॅब टाकला आणि मग तो स्लॅब थंड करायला यंत्र शोधत निघालो. जुन्या घरांकडे परत जा असे आम्ही म्हणत नाही. पण स्लॅबवर पाचशे रुपयांचा चुनासुद्धा न मारता चाळीस हजारांचा एसी आणणे यात शहाणपण नाही, एवढे आम्ही जरूर म्हणतो.

पत्र्याच्या खोलीबद्दल वेगळे सांगायला हवे. पत्र्याखाली चांगले आतले छत न करता एसी लावणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. आधी छत, मग एसी. पैसा एकाच कामापुरता असेल तर छतच करावे.

मोठा घेतला तर काय बिघडते?

पुष्कळांची समजूत अशी की लहान घेतला तर फसलो, मोठा घेतला तर निदान गारवा तरी नक्की. ही समजूत महागात पडते. दहा बाय दहाच्या तळमजल्याच्या खोलीत दोन टनाचा एसी लावला तर तो पाच-सात मिनिटांत हवा गार करतो आणि बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. असे सारखे चालू-बंद झाल्याने कॉम्प्रेसरची झीज वाढते. दुसरे नुकसान अधिक जाणवणारे आहे. हवेतील ओल काढायला यंत्र काही काळ सलग चालावे लागते. मोठे यंत्र थोडा वेळच चालते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खोली गार पण दमट राहते, गाद्यांना वास येतो, भिंतीला बुरशी धरते. 1902 साली विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची पहिली आधुनिक योजना आखली ती मुख्यतः हवेतील ओल आवरण्यासाठीच, कारण ओलीने कागद ताणला जाऊन छपाई बिघडत होती. ओल काढणे हे एसीचे मूळ काम आहे आणि नको तेवढे मोठे यंत्र नेमके त्याच कामात कमी पडते.

इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी-जास्त करू शकतो, त्यामुळे हा दोष त्यात बराच सौम्य होतो. पण वेग कमी करण्यालाही मर्यादा असते. 'इन्व्हर्टर आहे, कितीही मोठा घ्या' हे विक्रेत्याचे बोलणे पूर्ण खरे नाही.

लहान यंत्राचे नुकसान तर उघडच आहे. ते दिवसभर पूर्ण ताकदीने चालते, ठरवलेले तापमान कधीच गाठत नाही, वीज खाते आणि लवकर थकते.

टन नको, वॅट वाचा

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल एसीवर 2010 पासून सक्तीचे आहे. लोक त्यावरचे तारे मोजतात आणि बाकीचे वाचत नाहीत. वास्तविक सर्वात महत्त्वाचा आकडा त्याच लेबलवर लिहिलेला असतो, तो म्हणजे थंड करण्याची क्षमता, वॅटमध्ये. वर सांगितलेल्या हिशेबाने दीड टन म्हणजे 5,275 वॅट. पण बाजारात 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांच्या लेबलवर 5,000 किंवा त्याहूनही कमी वॅट छापलेले आढळतात. आकडा छापलेला असल्याने कायद्याच्या दृष्टीने यात लपवाछपवी नाही. पण गिऱ्हाईक टन ऐकून पैसे देते आणि वॅट घेऊन घरी जाते. दोन यंत्रांची तुलना करताना वॅटची वॅटशी करावी.

दुसरा आकडा वर्षाच्या युनिटांचा. तो वर्षाला 1,600 तास वापर धरून काढलेला असतो, म्हणजे रोज आठ तास या हिशेबाने दोनशे दिवस. आपला वापर त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात युनिट कमी करून पाहावेत. उन्हाळ्याचे दोन महिने रात्री चार-पाच तास एसी लावणाऱ्याला पाच ताऱ्यांची जादा किंमत भरून निघायला फार वर्षे लागतील, त्याला तीन तारे परवडतात. दिवसभर चालणाऱ्या दुकानाला मात्र पाच ताऱ्यांचाच घ्यावा, कारण व्यापारी दराची वीज महाग असते.

तिसरे, लेबलचे वर्ष पाहावे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. मागच्या निकषांचे पाच तारे नव्या निकषांत तेवढेच राहतील असे नाही. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण तो जुना आहे हे माहीत असून घ्यावा.

1 जानेवारी 2020 पासून नव्या एसीचे मूळ तापमान 24 अंशांवर ठेवलेले असणे बंधनकारक आहे. ते 18 वर आणल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालते. ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर ठेवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. 26 वर ठेवून पंखा हळू चालवला तर आपल्या सवयीच्या माणसाला तो गारवा पुरेसा होतो.

यंत्राबरोबर वायरिंगचाही विचार व्हावा. दीड टनाच्या यंत्राला स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, योग्य एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग हवे. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. खेड्यात संध्याकाळी दाब पडतो तेथे स्टॅबिलायझरचे पैसे वाचवू नयेत.

कूलर, एसी आणि पाणी

प्रत्येक घराला एसी लागतोच असे आम्हांला वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरची हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. 42 अंशांच्या कोरड्या हवेला चांगला कूलर 28-30 अंशांपर्यंत खाली आणतो आणि वीज खातो दीडशे-दोनशे वॅट. दीड टनाचा एसी भर उन्हात पंधराशे वॅट किंवा त्याहून अधिक खातो. शिवाय कूलर खिडकी उघडी ठेवून चालतो, म्हणजे ताजी हवा मिळते. पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, पण तोवर उन्हाचा कहरही ओसरलेला असतो.

मात्र कूलरला पाणी लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. त्या हिशेबाने एक टन एसीएवढे तासभराचे काम करायला सव्वापाच लिटर पाणी उडून जाते. प्रत्यक्षात हवा खोलीतून पुढे निघून जात असल्याने अधिकच लागते. घरातला मोठा कूलर दिवसाला शंभर लिटर सहज पितो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून ज्या घरी बोअरला मे महिन्यातही पाणी आहे त्यांनी कूलर घ्यावा, आणि जेथे टँकर येतो तेथे लहान एसीचा हिशेब करून पाहावा. आवश्यक तेथे एसी हवाच. मेडिकल दुकानात अनेक औषधांच्या वेष्टनावर 25 अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, तेथे एसी ही आवश्यक वस्तू आहे आणि त्यात कसर करू नये.

मशिदीचा एसी

हा विषय नाजूक आहे, तरी मांडणे आम्हांला भाग आहे. हल्ली गावोगावच्या मशिदींना एसी बसवण्याची चढाओढ लागली आहे. कोणी सवाबच्या नियतीने एक-दोन यंत्रे भेट देतो, कमिटी ती बसवते आणि मग कळते की गारवा लागतच नाही.

याचे कारण हिशेबात आहे. तीस बाय चाळीसचा हॉल, बाराशे चौरस फूट. एका नमाजीला साधारण आठ चौरस फूट जागा धरली तर तरावीहला दीडशे माणसे उभी राहतात. एका माणसाच्या अंगातून सुमारे 120 वॅट उष्णता निघते. दीडशे माणसांची 18,000 वॅट, म्हणजे पाच टनांहून अधिक, ही केवळ माणसांची उष्णता. छत, भिंती आणि उघडी दारे यांची वेगळी. तेथे दोन दीड-टनी यंत्रे काय करणार? आणि दारे-खिडक्या घट्ट लावल्या तर दुसराच प्रश्न उभा राहतो. भिंतीवरचा साधा एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. दीडशे माणसांच्या श्वासाने अर्ध्या तासात हवा कोंदट होते आणि डोके जड पडते.

आमच्या मते मशिदीच्या कमिटीने पैसा या क्रमाने लावावा. आधी छताला पांढरा रंग आणि पश्चिमेला सावली, मग वरची गरम हवा बाहेर काढणारे पंखे, मग पाण्याची सोय असेल तर मोठे कूलर. एवढे करूनही गरज उरली तर जाणकाराकडून रीतसर हिशेब करून घेऊन, वीजजोडणी वाढवून, पूर्ण क्षमतेची यंत्रणा बसवावी. वृद्ध आणि आजारी नमाजींसाठी एखादा लहान भाग वेगळा करून तेवढाच थंड ठेवणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. यंत्र भेट देणारा एकदाच देतो, बिल दरमहा चंद्याच्या पेटीतून जाते. चंदा ही अमानत आहे. ज्या मशिदीत इमाम साहेबांचा पगार वेळेवर होत नाही तेथे वीजबिल वेळेवर भरले जात असेल तर कमिटीने थांबून विचार करावा.

'शून्य व्याजाचा' हप्ता

एसीच्या दुकानातील दुसरा फलक हप्त्याचा असतो. शून्य टक्के व्याज, फक्त कागदपत्रे आणा. यात प्रोसेसिंग फी असते, रोखीच्या गिऱ्हाईकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, आणि एक हप्ता चुकला की दंड सुरू होतो. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते आणि व्याज फीच्या आड लपवू नये. जे व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांनी फलकावर न जाता एकच प्रश्न विचारावा, रोख किती आणि हप्त्याने एकूण किती? दोन्ही आकड्यांत फरक निघाला तर तो कशाचा आहे हे सांगायला मौलवी साहेबांची गरज पडू नये. गरजेपेक्षा अर्धा टन मोठे यंत्र विकले जाते तेही बहुधा याच फलकाच्या जोरावर. महिन्याला दोनशेच रुपये जास्त, असे म्हटले की माणूस टन विसरतो.

व्यापारी आणि मिस्त्री बंधूंना

शेवटी आमचे दोन शब्द विकणाऱ्यांसाठी. माप-तोलात घट करणाऱ्यांविषयी कुरआनात 'मुतफ्फिफीन' नावाची स्वतंत्र सूरहच आहे. आपण ती वाचतो आणि तराजूचे काटे, किलोची वजने आठवतो. टन हेही माप आहे. दीड सांगून कमी देणे ही जशी घट आहे, तसे एकाची गरज असताना दोन गळ्यात मारणे हाही गिऱ्हाईकाच्या अज्ञानाचा फायदा आहे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला विचारल्याचे हदीसमध्ये आले आहे. आजच्या दुकानात ते ओले धान्य म्हणजे लेबलवरचे वॅट, जुन्या वर्षाचे तारे आणि हप्त्याची फी. ते वर ठेवा, गिऱ्हाईकाला स्वतः दाखवा.

यात तोटा होईल अशी भीती वाटत असेल तर व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. नायगावसारख्या गावात गिऱ्हाईक एकदाच येत नाही. ते नरसी, कुंटूर, बरबड्याच्या पाहुण्यांना सांगते. जो दुकानदार "आधी माणूस पाठवतो, खोली मोजून घेऊ" असे म्हणेल, तो कदाचित त्या दिवशी लहान यंत्र विकेल, पण पुढची दहा गिऱ्हाइके नांदेडला न जाता त्याच्याकडे येतील.

आपल्या तरुणांनी या धंद्याकडे गांभीर्याने पाहावे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आखातात हेच काम करून आलेली माणसे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा मोजमापाची टेप आणि व्हॅक्यूम पंप घेऊन निघाला तर त्याला काम कमी पडणार नाही. व्हॅक्यूम पंपाचा उल्लेख मुद्दाम केला. बसवताना पाइपमधील हवा आणि ओल पंपाने काढायची असते. घाईत गॅस सोडूनच हवा बाहेर ढकलणारे कारागीर यंत्राचे आयुष्य कमी करतात. शिवाय आजच्या अनेक यंत्रांतील आर-32 वायू थोडाफार पेट घेणारा आहे आणि आर-290 तर स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. तेथे अर्धवट शिक्षण जिवावर बेतू शकते.

सारांश असा: आधी छत आणि खिडकी नीट करा. मग खोली मोजा, मजला, दिशा आणि माणसे धरून हिशेब करा. मग लेबलवरचे वॅट वाचा, वायरिंग पाहा, रोखीची किंमत विचारा, आणि सर्वात शेवटी पाकिटाला हात घाला. गरजेपेक्षा जास्त घेणे हा इस्राफ आहे, गरजेपेक्षा कमी घेणे हा भाबडेपणा. दोन्हींच्या मधली वाट मापाची आहे. अल्लाह आम्हां सर्वांना घेताना आणि देताना माप पुरे ठेवण्याची तौफीक देवो आणि आमच्या रोजीत बरकत देवो, आमीन.